गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांच्या बाजूने

फॉर्म्युला वन पाहणाऱ्या माणसाला राजापेठेत एक वाक्य वर्षातून वीसेक वेळा ऐकावं लागतं. "काय पाहून रायला बे हे? नुसत्या गोल गोल फिरून रायल्या गाड्या!" युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. म्हणजे नेमक्या घरी पाहुणे येण्याच्या आणि रिमोट सार्वजनिक मालमत्ता होण्याच्या वेळेला. माझी कंपनी पुण्यात, मी इथे घरून काम करतो, त्यामुळे सुटका नाही. मामांपासून शेजारच्या अकरावीतल्या पोरापर्यंत सगळ्यांनी हे वाक्य मला ऐकवलेलं आहे. ऐकवणाऱ्याने साधारण चार मिनिटं रेस पाहिलेली असते.

चार मिनिटांत क्रिकेटसुद्धा कळत नाही. पण क्रिकेट न कळणारा माणूस 'मला त्यातलं कळत नाही' म्हणतो आणि गप्प बसतो. रेसिंग न कळणारा 'त्यात काही नसतंच' म्हणतो, आणि वर आपल्याला समजावूनही सांगतो. माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

हेच मुंबईच्या माणसाने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. वऱ्हाडातल्या माणसाने म्हटलं की मात्र चीड येते. कारण आपल्याकडे शंकरपट आहे. धामणगाव तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला गेलेलं एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असेल. तिथे काय असतं? एक सरळ पट्टा, दोन बैल, एक धुरकरी आणि एक घड्याळ. जोडी सुटली की घड्याळ सुरू, पल्ला गाठला की बंद. सगळा खेळ काही सेकंदांचा. मग धूळ खाली बसते, लोक वेळ ऐकतात, हळहळतात किंवा ओरडतात, आणि पुढची जोडी येते. यात ओव्हरटेक नाही, धडक नाही, ब्रेकनंतर लागणारी आयटम साँग नाहीत. तरी लोक उन्हात शेतात उभं राहून दिवसभर पाहतात, आणि कुठल्या गावच्या कुठल्या जोडीने मागच्या वर्षी किती वेळ घेतला होता ते हिश्शासकट सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं गावोगावी या शर्यतींसाठी मोर्चे, निवेदनं आणि वकील चालू होते. कंटाळवाण्या गोष्टीसाठी कुणी एवढं करत नाही. (बैलाला पराणी टोचण्याचं समर्थन मी करणार नाही. इंजिनाला ती टोचावी लागत नाही, हा मोटार रेसिंगचा एक गुण मी आत्ताच नोंदवून ठेवतो.)

तर फॉर्म्युला वनच्या शनिवारी जे क्वालिफाइंग होतं ते म्हणजे शंकरपट. गाड्या ट्रॅकवर एकमेकींशी झुंजत नाहीत, प्रत्येकाची झुंज घड्याळाशी. स्पेनमधल्या हेरेथच्या ट्रॅकवर १९९७च्या मोसमातली शेवटची रेस होती, जगज्जेतेपद मिखाएल शूमाकर आणि जाक व्हिलनव्ह या दोघांपैकी एकाला जाणार होतं. क्वालिफाइंगमध्ये व्हिलनव्हने वेळ दिली १ मिनिट २१.०७२ सेकंद. नंतर शूमाकरने दिली १ मिनिट २१.०७२. आणि मग हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झननेही १ मिनिट २१.०७२. सव्वाचार किलोमीटरहून लांब ट्रॅक, तीन माणसं, आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत तीच वेळ. पटावर तीन जोड्यांची अशी बरोबरी झाली असती तर तिची गोष्ट आपल्या आजोबांनी आपल्याला झोपताना सांगितली असती.

घड्याळाशी शर्यत पाहायला आपल्याला आवडतच नाही असंही कुणी म्हणू नये. जून २०२२मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. तो आठवडाभर माझ्या एकूण एक नातेवाइकाच्या स्टेटसला डांबराचे व्हिडिओ होते. भागाकार करून पाहा: ताशी पाऊण किलोमीटरपेक्षाही कमी वेग. त्या वेगाने थरारून गेलेले लोक मला सांगतात की ताशी ३०० किलोमीटरमध्ये काही मजा नाही!

आता रविवारच्या रेसबद्दल, कारण खरी तक्रार तिच्याबद्दल असते. पुढची गाडी पुढेच राहते, मागची मागेच, मग पाहायचं काय?

अंतर पाहायचं. स्क्रीनच्या डाव्या बाजूला नावांची उभी यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. चार मिनिटं पाहणारा गाड्या पाहतो. रेस पाहणारा तो आकडा पाहतो. क्रिकेटमध्ये आपण हे रोज करतो. शेवटच्या सहा षटकांत ६२ धावा हव्यात, तेव्हा बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्याइतकेच आपण त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत असतो. एक निर्धाव चेंडू पडतो, मैदानावर काहीही घडत नाही, आणि घरात सगळ्यांच्या तोंडून 'अरे!' निघतं. काहीही न घडणं ही तिथे घटना असते, कारण आकडा वर गेला.

४ ऑगस्ट २०१९, बुडापेस्टजवळचं हंगारोरिंग. ७० लॅपची रेस. मॅक्स व्हर्स्टापन पुढे, लुईस हॅमिल्टन त्याच्या अगदी पाठीला लागलेला, पण त्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पुढे जायला जागा मिळत नाही. अठ्ठेचाळिसाव्या लॅपला मर्सिडीजने हॅमिल्टनला टायर बदलायला आत बोलावलं. पिटमध्ये जाऊन यायची किंमत साधारण वीस सेकंद. म्हणजे एका सेकंदावर असलेला माणूस स्वतःहून वीस सेकंद मागे गेला. आपल्या घरात कुणी त्या क्षणी टीव्ही लावला असता तर म्हणाला असता, हा तर हरला.

आता हिशोब मांडा. उरलेले लॅप २२. तूट २० सेकंदांची. म्हणजे दर लॅपला साधारण एक सेकंद वसूल करायचा आणि शेवटी ओव्हरटेकही करायचा. हॅमिल्टनचे टायर कोरे. व्हर्स्टापनचे पंचविसाव्या लॅपपासून झिजत आलेले. मग व्हर्स्टापनने पण टायर का नाही बदलले? बदलायला आत गेला असता तर बाहेर येताना तो हॅमिल्टनच्या मागे पडला असता, आणि ज्या ट्रॅकवर ओव्हरटेक होत नाही तिथे आयती आघाडी देऊन बसला असता. बाहेर राहिला तर टायर मरणार. दोन्हीकडून अडकला. हा सापळा टाकला होता तो समोरच्या संगणकांवर आकडे बघत बसलेल्या माणसांनी, आणि तो फळाला आणायचा होता एकट्या हॅमिल्टनने, लॅपमागून लॅप, एकही चूक न करता.

पुढचे एकोणीस लॅप पहिल्या दोघांत एकही ओव्हरटेक झाला नाही. टीव्हीवर कितीतरी वेळ दोन्ही गाड्या एका चौकटीतही दिसत नव्हत्या. मी असा ताण भारत-पाकिस्तान सामन्यातही क्वचित अनुभवला आहे. आकडा सुरुवातीला हलेना, मधल्या गाड्या ओलांडताना वेळ गेला, मग तो उतरायला लागला. व्हर्स्टापन रेडिओवर सांगत होता की टायर संपलेत. सदुसष्टाव्या लॅपला हॅमिल्टन बाहेरच्या बाजूने पुढे गेला. तीन लॅप उरले होते. त्या ओव्हरटेकची क्लिप तुम्हाला कुठेही मिळेल, काही सेकंदांची आहे आणि तशी काही खास नाही. खास होते ते आधीचे एकोणीस लॅप, आणि त्यांचं रील होत नाही.

प्रत्यक्ष खेळ किती वेळ चालतो त्याची तुलना करायची तर पटकन करून टाकू. टी-ट्वेंटीत २४० चेंडू. रनअपपासून चेंडू मेलेला होईपर्यंत दहा सेकंद धरले तरी चाळीस मिनिटं, आणि सामना साडेतीन तासांचा. फॉर्म्युला वनची रेस ३०० किलोमीटरच्या थोडी वर, बहुतेक वेळा दीड तासाची, आणि मध्ये पाणी प्यायला कुणी थांबत नाही. पाणी हेल्मेटमधल्या नळीतून.

मग शेवटचं अस्त्र निघतं: "गाडीच तर पळते, माणूस काय करते?" बैल पळतात म्हणून धुरकऱ्याला कुणी फुकट म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पुरावाच हवा असेल तर २०२४चा रेड बुलचा हिशोब घ्या. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात. त्या वर्षी व्हर्स्टापनने नऊ रेस जिंकल्या, ४३७ गुण मिळवले आणि जगज्जेता झाला. त्याच संघाची गाडी घेऊन सर्जिओ पेरेझने मिळवले १५२ गुण, जिंकल्या शून्य, आणि तो आठवा आला. पेरेझ काही लल्लूपंजू नव्हे, त्याने कारकिर्दीत सहा ग्रां प्री जिंकल्या आहेत. गाडीच पळत असती तर दुसरीनेही पळायला हवं होतं.

आणि शरीर? ऑक्टोबर २०२३च्या कतारच्या रेसमध्ये उकाडा इतका होता की एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि तो तसाच चालवत राहिला. लोगन सार्जंटला तब्येतीमुळे रेस सोडावी लागली. मे महिन्यात दुपारी तीनला राजापेठ चौकात आग न लागणारा जाड सूट, हातमोजे आणि हेल्मेट घालून दीड तास उभे राहा, मग बोलू. जोरात ब्रेक मारताना मानेवर वजनाच्या पाचपट भार येतो, तो सोडून देतो.

कंटाळवाण्या रेस असतात का? असतात, आणि भयानक असतात. २०२४च्या मोनाकोत पहिल्याच लॅपला अपघात होऊन रेस थांबली, त्या वेळात सगळ्यांनी फुकटात टायर बदलून घेतले, आणि मग पहिले दहा जण ज्या क्रमाने सुरू झाले होते त्याच क्रमाने संपले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात तसं आधी कधी झालं नव्हतं. २०२१ला बेल्जियममध्ये तर पावसात सेफ्टी कारच्या मागे रांग लावून मोजके लॅप फिरले आणि अर्धे गुण वाटून टाकले. ती रेस होती असं मी कोर्टातही म्हणणार नाही. पण पाच दिवस चालून अनिर्णित राहिलेली कसोटी पाहून कुणी 'क्रिकेट हा खेळच नाही' म्हणत नाही.

मला या कंटाळलेल्या मामांपेक्षा जास्त त्रास आमच्याच बाजूच्या वकिलांचा होतो. रेसिंग थरारक असतं हे पटवायला ते काय पाठवतात? अपघातांचे व्हिडिओ. गाडी उलटली, पेटली, हवेत उडाली, पार्श्वभूमीला ढोलताशा. थरार म्हणजे कुणीतरी पडणं, ही व्याख्या त्यांनी स्वतःच पोरांच्या हातात दिली आहे. मग रात्री अकरानंतर राजापेठ-इर्विन उड्डाणपुलावरून सायलेन्सर बदललेल्या गाड्या फटाके फोडत जातात, मागे बसलेला मोबाइल धरून शूट करतो, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला ट्रॅकवरची रेस दाखवली तर तो म्हणतो, बोअर आहे. बरोबरच आहे. तिथे समोरून दुधाची गाडी येत नाही. फूटपाथवर कुणी झोपलेलं नसतं. वळणाबाहेर खडीचा सोपान किंवा टायरांची भिंत असते, आणि चुकलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन हेल्मेट आपटतो. ज्याला त्यात कंटाळा दिसतो त्याला वेगाची आवड आहे असं मला वाटत नाही. त्याला प्रेक्षक हवे आहेत.

आणि 'हा खेळ नाही' हे वाक्य फक्त आमच्या हॉलमध्ये म्हटलं गेलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ते सरकारनेही म्हटलं आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी ते मनोरंजन होतं, खेळ नव्हे, आणि त्यावर करमणूक कर लागत होता. कराचं भांडण न्यायालयात गेलं, तारखा पडत गेल्या, आणि फॉर्म्युला वन भारतात परत आली नाही. एका शब्दाची वर्गवारी बदलली की एवढं होतं. डेटाबेसमध्ये चुकीच्या टेबलात पडलेली नोंद काय घोळ घालते ते मी रोज पाहतो, पण त्यात कुणाची रेस जात नाही.

महाराष्ट्रात कोल्हापूरला कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे, पुण्याच्या डायना पुंडोळे २०२४मध्ये कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्या स्पर्धा दक्षिणेत, चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर. फॉर्म्युला वनच्या दर्जाचं सर्किट राज्यात एकही नाही. उड्डाणपुलावरच्या त्या पोरांपैकी एखाद्याचा हात खरोखर चांगला असेल, आणि तो मला म्हणाला, "दादा, मले शिकाचं हाये, कुठं जाऊ?", तर ग्रेटर नोएडा इथून हजारेक किलोमीटर आहे आणि कोइम्बतूर त्याहूनही लांब. उड्डाणपूल मात्र घरापासून पाच मिनिटांवर आहे, आणि रात्री मोकळाच असतो.