गुणांक विद्यापीठाचा, टक्के कोणाचे?

राहाता, शिर्डी, लोणी या पट्ट्यातील महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधराच्या हाती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची जी गुणपत्रिका येते, तिच्यावर श्रेणी व सरासरी गुणांक असतो. नोकरीचा अर्ज मात्र टक्के मागतो, आणि तेही दशांशासह. बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत तर 59.99 टक्के हे 60 हून कमीच धरले जातील, अशी स्पष्ट ताकीद असते.

6.2 गुणांकाच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. दहाने गुणले तर त्याचे 62 टक्के होतात, 9.5 ने गुणले तर 58.9. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात 6.25 म्हणजे 55 टक्के. त्या हिशेबाने याच विद्यार्थ्याचे 54.5 टक्के ठरतात. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका त्याच. पण एका सूत्राने तो प्रथम वर्गात बसतो आणि दुसऱ्या सूत्राने 55 टक्क्यांची अट असलेल्या प्रत्येक दारातून परत फिरतो. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के 'किंवा समतुल्य श्रेणी' हवी, असे विद्यापीठ अनुदान आयोग म्हणतो. ही समतुल्यता प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाने मोजली जाते, हेच खरे दुखणे आहे.

त्या 9.5 चे मूळही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाने दहावीला श्रेणी दिल्या, तेव्हा 91 ते 100 या गटातील मुलांची सरासरी 95 च्या आसपास येते, या आधारावर तो आकडा काढला. मंडळाची ती पद्धत 2018 पासून संपली. शालेय परीक्षेतला हा आकडा पदवीच्या गुणपत्रिकेला लावण्यास संख्याशास्त्राचा कोणताही आधार नाही. तरीही तो सर्रास लावला जातो.

राहात्याच्या पेरू उत्पादकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. प्रतवारी करून माल क्रेटमध्ये भरल्यावर क्रेटवरच्या प्रतीवरून आतल्या एकेका फळाचे वजन कोणी सांगू शकत नाही. साठ गुणांचा आणि एकोणसत्तर गुणांचा विद्यार्थी एका श्रेणीत घातल्यावर त्यांच्यातला फरक पुसला जातो. तो पुसण्यासाठीच तर ही पद्धत आणली. एकेका गुणाची जीवघेणी चढाओढ कमी व्हावी, हा तिचा हेतू आम्हाला मान्यच आहे. पण एका हाताने दशांश पुसायचे आणि दुसऱ्या हाताने तेच मागायचे, हा व्यवहार सरकारलाच शोभतो!

याचा भार कोणावर पडतो? पुण्यात राहणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन दाखला आणतो. उसाच्या फडात मजुरी करणाऱ्या घरातील पहिल्या पदवीधर मुलीला त्यासाठी दिवस, भाडे आणि शुल्क खर्चावे लागते. तोवर अर्जाची मुदत टळते. नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले आहे. त्या तुकड्या बाहेर पडतील, तेव्हा हा गोंधळ कैक पटींनी वाढेल.

विद्यापीठाजवळ मूळ गुणांची नोंद असतेच. ते गुण व त्यांवरून काढलेली टक्केवारी गुणपत्रिकेवरच विनाशुल्क छापावी. जुन्या विद्यार्थ्यांना हा दाखला तालुक्याच्या महाविद्यालयातून मिळावा. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचा हिशेब राज्यातील प्रत्येक भरतीवर बंधनकारक राहील, असा आदेश शासनाने काढावा. राहाता तालुक्यातील कार्यकर्त्यांनी टक्केवारीपायी अर्ज नाकारल्या गेलेल्या मुलामुलींची नावनिशीवार यादी येत्या महिन्यात तयार करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे.