खोकला दिसतो, जंत दिसत नाहीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या धुणंभांड्याच्या मावशींना टीबी निघाला. नवरा शहरात सहाजणांच्या खोलीत राहून खोकला घेऊन आला होता, त्याचाच प्रसाद. ऐकल्याबरोबर मी काय केलं असेल? त्यांचा चहाचा कप वेगळा काढला. बी.ए. झालेली, महिला मंडळात आरोग्यावर बोलणारी मी! टीबी कपबशीतून नव्हे, खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे माहीत होतं. तरी हात कपाकडे गेलाच.

सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांचं फुकट औषध सुरू झालं. लघवी नारिंगी होऊ लागली तशा मावशी घाबरल्या, गोळ्या बंद करायला निघाल्या. तो रंग औषधाचा असतो हे आशाताईंनी समजावलं. खोकला थांबला, पण वजन काही चढेना. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोटात जंत असतील. वावडिंग दे." मी हसण्यावारी नेलं. शेवटी डॉक्टरांपुढे विषय काढला, शौचाची तपासणी झाली, तर अंकुशकृमीची अंडी सापडली. वावडिंग नव्हे, गोळी लागली. पण निदान सासूबाईंचंच!

हे जंत ओल्या मातीतून, अनवाणी तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. मावशी सकाळी आमच्याकडे नि दुपारी निंदणीला, पायात चप्पल कुठली? शहरातल्या वस्तीत शेत नाही म्हणून सुटका नाही. तुंबलेले संडास, न धुतलेली भाजी, मुलांची मळकी नखं यांतून गोल जंत पोटात जातातच.

टीबीशी झुंजणारी शरीराची ताकद जंत कमी करतात असं काही संशोधकांना वाटतं, त्यावर अजून एकमत नाही. ते राहू दे. पण खाल्लेलं अंगी लागत नाही, हे तर आपल्याला कळतं ना? आणि या रोगात अन्नाचं मोल मोठं. झारखंडात टीबी रोग्यांच्या घरच्यांना चांगला शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले नवे रोगी जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. २०२३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

सरकार रोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. मावशींना विचारलं, अंडी खाता का? म्हणाल्या, "आणते की. पोरं खातात." आता यावर काय बोलणार! आपल्यापैकी किती जणी स्वतःच्या ताटात आधी वाढून घेतात?

शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतांची गोळी मिळते, २०१५ पासून त्यासाठी खास दिवसच ठरलाय. गरोदर बाईला पहिले तीन महिने गेल्यावर देतात. पण चाळिशीच्या मजूर बाईला कोण विचारतं? माझं म्हणणं एवढंच, टीबीचं औषध चालू असून रक्त नि वजन वाढत नसेल, तर जंतांची तपासणी दवाखान्यानं आपणहून करावी. नाही केली तर आपण मागावी. लाजायचं कशाला? मनानं गोळी मात्र घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच.

मावशींचं वजन आता चार किलो वाढलंय. तो कप मी परत सगळ्या कपांत ठेवला. त्यांनी बघितलं, पण बोलल्या काही नाहीत.