पथारीवरील हिशेब

नंदुरबारच्या बाजारांत ओली लाल मिरची येऊं लागली म्हणजे पथाऱ्या भरतात आणि शेतकऱ्याच्या हातीं हिशेबपट्टी पडते. ती तो खिशांत घालतो. पडताळितो किती जण?

समजा, माल 3 क्विंटल 40 किलो, भाव क्विंटलास 4500 रुपये. आधीं 3 क्विंटलांचे 13500, मग 40 किलोंचे, किलोस 45 प्रमाणें, 1800, एकूण 15300. पूर्वीं घेतलेली उचल 5000, व्याज दरमहा शेकडा 3, मुदत 8 महिने. महिन्याचे 150, आठांचे 1200. म्हणजे 6200 वजा जातां हातीं 9100. शेकडा तीन कानास किती हलकें लागतें! वर्षाचे ते 36 होतात, हें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

शाळेंतील मुलास सूत्र पाठ असतें. पहिली पायरी कोणती म्हणून विचारावें तर तो गप्प. घरीं पावरी वा मावची बोलणाऱ्यास 'मुद्दल' हा शब्दच आधीं अडतो. लीलावतींत व्याजाचीं उदाहरणें आहेत, आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याचा 1207 सालचा शिलालेख आपल्याच खानदेशांत, चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे!

शिक्षकांनीं खरी पट्टी वर्गांत आणावी, व ती प्रथम मुलांच्या बोलींत सोडवावी. व्यापारी बंधूंसही आमचें सांगणें आहे: मुद्दल, व्याज, हमाली, तोलाई यांची वजावट एका आंकड्यांत न कोंबतां प्रत्येक रकमेस स्वतंत्र ओळ द्यावी.