नकाशावरची रेघ आणि डोक्यावरची घागर

मैत्रिणींनो, सीमाप्रश्न म्हटला की आपल्याला मोर्चे, घोषणा आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. आमच्या माहीममध्ये तर फेब्रुवारी 1969 मध्ये याच प्रश्नावर मोरारजी देसाईंची गाडी अडवायला लोक रस्त्यावर उतरले आणि मुंबई पेटली. पण सीमेवरच्या बाईचा रोजचा प्रश्न साधा असतो. पाणी कोण देणार, दवाखान्याचा खर्च कोण उचलणार? त्याचं उत्तर सरकारी निधी कुठे जातो, यात असतं.

सांगली जिल्ह्यातला जत तालुका घ्या. कायमचा दुष्काळी भाग. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्यापर्यंत कधी येणार, असं तिथली पूर्वेकडची गावं वर्षानुवर्षं विचारत होती. 2012 मध्ये काही गावांनी ठराव केला, पाणी देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या! तरी काम रेंगाळलंच. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी याच ठरावाचा दाखला देत जतवर दावा सांगितला, आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या सुमारे 2000 कोटींच्या कामाला एकदम वेग आला. म्हणजे तहान दिसली नाही, भांडण मात्र दिसलं.

पलीकडेही तेच. 2012 मध्ये बेळगावात शेकडो कोटींचं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. अधिवेशन भरतं ते वर्षातून थोडे दिवस. आपल्या सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तर कर्नाटकनं विरोध केला. गरिबाला उपचार मिळतायत, यात वाईट काय? पण दोन्ही सरकारं पैसा खर्च करतात तो गरज बघून, की 'हे गाव आमचं' हे दाखवायला?

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही हक्क. दोन रेशनकार्डं, दोन मतदारयाद्या. महाराजगुड्यात तर एका घराच्या खोल्या महाराष्ट्रात आणि स्वयंपाकघर तेलंगणात! ऐकायला गंमत वाटते. पण कसत असलेल्या जमिनीचा पट्टा हातात नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार आहे. धान्य दोन्हीकडून आलं, तरी पायाखालची जमीन नावावर नसेल तर त्या घरानं उद्याचा भरवसा कशावर धरायचा?

सांगायचा मुद्दा असा, की भांडण पेटल्यावर मिळणारा निधी भांडण निवलं की आटतो. गावाचा विकास व्हायचा तर निधी दरवर्षी, ठरल्या वेळी आला पाहिजे आणि त्याचा हिशेब गावासमोर मांडला गेला पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं नुसती सही करून उठू नका. मंजूर किती झाले, आले किती, नळाला पाणी कधी, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर टाळलं तर माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहेच. सीमेचा निकाल कोर्ट देईल तेव्हा देईल, पाण्याचा हिशेब मात्र आपण आजच मागू शकतो.