दर्ग्याच्या दारातला बॉम्ब आणि टपरीवरचा निकाल



नवस-सायास बंद करा, गंडे-दोरे तोडून टाका, असे सांगून सांगून आमचा घसा बसला. तरी कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाणाऱ्या आमच्या काही माता-भगिनी गुरुवारी दर्ग्यावर जाऊन येतातच. कोणाच्या पोराचा ताप उतरत नाही, कोणाचा नवरा बाटली सोडत नाही. आम्ही बोलतो, त्या ऐकून घेतात आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जातात. एकदा एका मावशींना आम्ही जरा चिडूनच विचारले, की बाई, तिथे तुम्हाला मिळते तरी काय? त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, बसायला मिळतं. कुणी ऊठ म्हणत नाही."

यावर आमच्याजवळ भाषण नव्हते. नवसाला आमचा विरोध आहे आणि तो राहील. पण 'ऊठ' म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या माणसाला सांगावे लागत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दरवाजापुढे आपले आजे-पणजे सत्याग्रहाला बसले होते. दरवाजा उघडला नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथून जवळच, येवल्याला, बाबासाहेबांनी काय घोषणा केली ते लहान पोरही सांगेल. त्याच जिल्ह्यात दर्ग्याच्या ओट्यावर मात्र कोणीही जाऊन टेकत होते, असे आमच्या आजी सांगत. (म्हणून मुसलमान समाजात विटाळ नव्हता, असे कोणी समजू नये. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुसलमानांनीच कसे अडवले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आम्ही ते विसरलेलो नाही.) पण साधुसंताच्या कबरीचा ओटा ही जागा वेगळी. तिथे भिकारी बसतो, वेडा बसतो, नवऱ्याने टाकलेली बाई बसते. कोणी नाव विचारीत नाही, जात विचारीत नाही.

अशा जागी बॉम्ब ठेवणारा माणूस कोणाला मारायला निघालेला असतो? तिथे कोण बसले असेल, हे त्यालाही माहीत नसते.

११ ऑक्टोबर २००७, गुरुवार. रमजानचा महिना. अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात रोजा सोडायची वेळ झालेली, माणसे खजूर-पाणी घेऊन बसलेली, आणि त्यांच्यामध्येच स्फोट झाला. तीन माणसे मेली, पंधराच्या वर जखमी झाली. आवारात एका पिशवीत दुसरा बॉम्ब सापडला. तो फुटला नाही म्हणून आकडा तीनवर थांबला. आपल्या भागातून अजमेरला जाणारे काही थोडे नाहीत. मनमाड जंक्शन हाताशी आहे, आणि उरुसाला जाणाऱ्यांत सगळेच मुसलमान असतात असेही नाही. बातमी कळताच आमच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की या दिवसांत आपल्यापैकी कोणी तिकडे गेलेले नाही ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटच्या गेटजवळच्या टपरीवर निकाल लागूनसुद्धा गेला होता. लासलगावच्या टपरीवर कांद्याचा भाव जितक्या झटपट फुटतो, त्याहून झटपट गुन्हेगार ठरतो. "त्यांचे त्यांनीच केले," एक जण म्हणाला. "कट्टर लोकांना दर्गा चालत नाही. पाकिस्तानातून आले असतील." वर्तमानपत्रांतही त्याच धर्तीचे अंदाज छापून आलेले होते, त्यामुळे बोलणाऱ्याच्या आवाजाला जोर होता. आम्ही एवढेच विचारले, की बाबा रे, पुरावा कोठे आहे? त्यावर तो आमच्याकडे असा पाहू लागला, की जणू पिशवी आम्हीच ठेवली.

बाकावर एक मुसलमान हमाल बसलेले होते. वयाने वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पाठीवर गोणी वाहून वाहून त्यांचा एक खांदा खाली आलेला. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, पैसे दिले आणि वजनकाट्याकडे निघून गेले. त्यांना जाताना सगळ्यांनी पाहिले, पण 'चाचा, बसा' असे कोणी म्हटले नाही. आम्ही मागोमाग गेलो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मागच्या साली पण असंच म्हणाले होते."

मागच्या साली म्हणजे मालेगाव. ते तर आपल्याच जिल्ह्यातले. आपल्या बायका कामावर नेसतात त्या स्वस्त लुगड्या-साड्या बऱ्याचशा तिथल्याच पॉवरलूमवर निघतात. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. शब-ए-बारात म्हणजे आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करण्याचे पर्व. लोक कब्रस्तानात जातात, दुवा मागतात, दानधर्म करतात. मालेगावच्या बड्या कब्रस्तानाला लागून हमिदिया मशीद आहे. दुपारची जुम्म्याची नमाज सुटली आणि गर्दीत सायकलींना बांधलेले बॉम्ब फुटले. पुढे मुशावरत चौकातही फुटला. तीसहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. मेलेल्यांत पोरेसोरे होती आणि दानाच्या आशेने फाटकाशी बसलेले भिकारी होते. दोनच दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. दंगल व्हावी असाच बेत असणार. पण मालेगावकरांनी दंगल होऊ दिली नाही. रक्त द्यायला रांगा लागल्या. त्या शहराची ही गोष्ट टपरीवर कोणी सांगत नाही.

आम्ही तेव्हा नुकतेच बी. कॉम. होऊन नोकरीला चिकटलो होतो. लासलगावात त्या दिवशीही हेच वाक्य होते : त्यांचे त्यांनीच केले. आणि पोलिसांनीही नऊ मुसलमानांना धरले, मोक्का लावला. झाले! टपरीवर साखर वाटायचेच काय ते बाकी राहिले. ज्यांच्या घरचे मेले, त्यांच्याच समाजातले आरोपी.

आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले आणि पहिल्या दिवसापासून कुजबुज काय सुरू झाली? मेलेल्या बाईच्या चारित्र्याची. आधी माणूस मारायचा आणि मग तोच कसा दोषी, हे पटवून द्यायचे. ही रीत आपल्या अंगावरून गेलेली आहे. म्हणून 'त्यांचे त्यांनीच केले' हे वाक्य आपल्या वस्तीतल्या कोणा तरुणाच्या तोंडी आले, की आम्हास जास्त राग येतो.

आता पुढे काय झाले ते ऐका. २०१० च्या डिसेंबरात असीमानंद नावाच्या स्वामीने दिल्लीत मॅजिस्ट्रेटपुढे जबाब दिला आणि मालेगाव, अजमेर अशा स्फोटांमागे आपल्या बाजूचे लोक असल्याचे सांगितले. पुढे त्याने तो जबाब फिरवला, हेही सांगितले पाहिजे. पण तपास उलटा फिरला तो फिरलाच. मालेगावच्या नऊपैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. पाच वर्षे गेली होती. २०१३ साली राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केले. त्यांतला एक जण तोवर हे जग सोडून गेला होता.

अजमेरच्या खटल्याचा निकाल मार्च २०१७ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयात लागला. देवेंद्र गुप्ता, भावेश पटेल आणि सुनील जोशी असे तिघे दोषी ठरले. जोशीचा २००७ च्या डिसेंबरातच खून झालेला होता, उरलेल्या दोघांना जन्मठेप झाली. असीमानंद संशयाचा फायदा मिळून सुटला. २०१८ साली त्या दोघांनाही उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. आमची माहिती अशी, की लासलगावच्या टपरीवर हा निकाल कोणी वाचून दाखविला नाही. पहिली बातमी पहिल्या पानावर येते, दहा वर्षांनी आलेली दुसरी बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात.

टपरीवरचा तो गडी म्हणेल, मग पाकिस्तानात दर्गे कोण उडवते? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणारे आम्ही नव्हे. लाहोरला दाता दरबारात १ जुलै २०१० च्या रात्री आत्मघातकी अतिरेक्यांनी चाळीसच्या वर माणसे मारली. सिंधमध्ये सेहवानला लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात १६ फेब्रुवारी २०१७ रोजी, धमाल चालू असताना, ऐंशीच्या वर मेले आणि इस्लामिक स्टेटने ते आपणच केल्याचे सांगितले. दोन्ही वेळी गुरुवार होता. मुसलमानातला कट्टर माणूस दर्गा उडवतो, हे खोटे नाही. पण तो तिकडे उडवतो म्हणून इकडेही त्यानेच उडवला, हे कोणत्या हिशेबात बसते? इकडच्या कट्टराला खुपते तेच तिकडच्याला खुपते. दोघांनाही आपापली माणसे वेगवेगळी बांधून ठेवायची असतात, आणि ओट्यावर सगळी सरमिसळ बसलेली असते. सेहवानला दुसऱ्याच दिवशी, फरशी अजून धुऊन झाली नव्हती तेव्हा, नेहमीप्रमाणे पहाटेची घंटा वाजवली गेली.

मालेगावला मात्र पुन्हा बॉम्ब फुटला. २९ सप्टेंबर २००८, पुन्हा रमजान, भिक्खू चौकात मोटारसायकलवर. सहा जण मेले. या खटल्यात सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी सुटले. न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये द्यायला सांगितले. आम्ही पेशाने कारकून. आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाला लागतो. स्फोटापासून निकालापर्यंत दोनशे दोन महिने झाले. दोन लाखांना भागिले, तर महिन्याला नऊशे नव्वद रुपये पडतात. हजाराला दहा कमी.

आरोपी सुटले म्हणून त्या दिवशी आमच्याकडे काही जणांना आनंद झाला. सुटलेला निर्दोष असेल तर आम्हीही त्याच्या सुटकेला नावे ठेवणार नाही. मालेगावच्या नऊ जणांबद्दल जो न्याय, तोच यांनाही. पण त्या दिवशी एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही, की मग ती मोटारसायकल कोणी उभी केली? २००६ ला आणि २००७ ला ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठाऊक होते, त्यांना २०२५ मध्ये काहीच ठाऊक नव्हते. मृतांच्या नातेवाइकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयात अपील केले आहे. कोर्टाच्या कामाला मालेगावहून मुंबईला जाणारा माणूस चांदवडवरूनच जातो, आपल्या गावाच्या शेजारून.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात २०१६, २०१७ आणि २०२५ या तिन्ही निकालांच्या कात्रणांची फाईल करून ठेवली आहे. अजमेरच्या निकालाची बातमी हिंदीत आहे, ती आम्ही मराठीत उतरवून सोबत लावली आहे. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर ती पाहायला मिळेल. घरी न्यायची असल्यास वहीत सही करावी.