कोशर पाळणाऱ्या घरातलं रात्रीचं जेवण: झटपट हवं, पण कमी मिठाचं

गेल्या वर्षी माझ्याकडे ठाण्यातलं एक बेने इस्रायली जोडपं यायचं. दोघंही नोकरी करणारे. लोकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजायचे. नवऱ्याचा रक्तदाब गोळी घेऊनही १५०/९६ च्या खाली येत नव्हता. बायकोच्या आहारात कॅल्शियम कमी पडत होतं, म्हणून मी तिला सांगितलं, "रात्रीच्या जेवणात रोज एक वाटी दही घेत जा." तिने मान डोलावली.

तीन महिन्यांनी ती म्हणाली, "डॉक्टर, ज्या दिवशी घरात चिकन असतं, त्या दिवशी आम्हाला दही चालत नाही. मग राहूनच जातं."

चूक माझी होती. तुमच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे न विचारताच मी सल्ला लिहून दिला होता. तिनेही ते आधी सांगितलं नाही, कारण डॉक्टरांना असं कसं सांगायचं, हा आपल्याकडचा संकोच. आजचा लेख त्या तीन महिन्यांवरून सुचला.

कोशर म्हणजे काय?

यहुदी धर्मात खाण्यापिण्याचे जे नियम आहेत, त्यांत बसणारं अन्न म्हणजे कोशर. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली हे नियम आपल्या स्वयंपाकात पाळत आले. मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र शिजवायचे नाहीत, एकत्र खायचे नाहीत. मांस खाल्ल्यावर दूध-दही घेण्याआधी काही तास थांबायचं. कुठे तीन तास, कुठे सहा. डुकराचं मांस वर्ज्य. मासा पर आणि खवले असलेलाच, म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. कोशर पद्धतीने कापलेलं मांस पाण्यात भिजवून, तासभर मीठ लावून ठेवतात आणि मग धुतात, म्हणजे रक्त निघून जातं. डाळी, भाज्या, धान्य, फळं, अंडी हे ना मांसात ना दुधात, त्यामुळे कशाही बरोबर चालतं. म्हणूनच बेने इस्रायली घरांत मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध पडतं.

माझं मत

कोशर हा श्रद्धेचा विषय आहे. "कोशर म्हणजे आपोआप आरोग्यदायी" असं काही जण समजतात, ते खरं नाही. मैद्याचा केक कोशर असू शकतो, तळलेला बटाटाही. उलट एका बाबतीत जास्त जपावं लागतं, ते म्हणजे मीठ. मीठ लावलेलं मांस कितीही धुतलं तरी थोडं मीठ आत राहतंच. त्यावर आपण नेहमीच्या सवयीने पुन्हा मीठ घालतो. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा, जेमतेम.

त्या जोडप्याच्या घरी मी जेवणाची आठवडाभराची नोंद मागितली. कोशर मांस रोज हाताशी नसे, ते रविवारपुरतं. बाकीच्या दिवशी दमून आल्यावर पाकिटातलं सूप, नूडल्स, सोबत लोणचं-पापड. नियम एकही मोडला नव्हता, पण गोळीचा निम्मा परिणाम त्या मिठातच जात असावा.

मग झटपट काय करायचं?

त्यांच्याबरोबर बसून ठरवलेल्या या गोष्टी. अर्ध्या तासात होतात.

१. दुधाचा दिवस: मूगडाळ-तांदळाची खिचडी, त्यात गाजर, फरसबी, मटार. वर चमचाभर तूप, सोबत वाटीभर दही. कॅल्शियमचा प्रश्न इथेच सुटतो.

२. उसळीचा दिवस: सकाळी कामावर जाताना मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले चणे फ्रिजमध्ये तयार ठेवा. रात्री कुकरला तीन शिट्ट्या, फोडणी आणि पोळी.

३. माशाचा दिवस: रावस किंवा बांगडा, आलं-लसूण, हळद, कोथिंबीर आणि नारळाचं पातळ दूध. मासा दहा मिनिटांत शिजतो. दाट दूध रोज नको, त्यात संपृक्त चरबी भरपूर असते. माशाला मीठ लावून ठेवण्याचा नियम नाही, म्हणून मिठाचं प्रमाण तुमच्या हातात राहतं.

४. अंड्याचा दिवस: अंडी एकेक करून वाटीत फोडा, रक्ताचा ठिपका नाही ना पाहा, आणि कांदा, टोमॅटो, पालक घालून ऑम्लेट करा. पालेभाजी किड्यांसाठी नीट निवडायची हा कोशरचाही नियम आहे आणि माझाही.

५. मांसाचा दिवस: सुट्टीच्या दिवशी चिकनचा रस्सा करून दोन छोट्या डब्यांत फ्रीझ करा. शिजवताना मीठ घालू नका, ताटात चव बघून मगच ठरवा. त्या दिवसाचं दही सकाळच्या नाश्त्याला घ्या.

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. मांसाच्या दिवशी घटकांची यादी वाचा. तिथेच सोडियमचा आकडाही दिसेल.

शुक्रवारची संध्याकाळ

शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो आणि त्यानंतर गॅस पेटवायचा नसतो. म्हणून अनेक घरांत जेवण दुपारीच करून ओट्यावर ठेवलं जातं. आपल्या हवेत शिजलेला भात आणि रस्सा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, जंतू झपाट्याने वाढतात. एकतर खरोखर कडकडीत राहील असं ठेवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून गार खा. कोमट हा सगळ्यांत वाईट पर्याय.

शेवटचं, पण महत्त्वाचं

ही यादी एकट्या बायकोच्या हातात देऊ नका. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा. जेवण आणि झोप यांत किमान दोन तास असू द्या, जळजळीच्या निम्म्या तक्रारी तिथेच कमी होतात.

कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल किंवा उपवासातल्या गोळ्यांबद्दल शंका असेल तर मला आणि तुमच्या धर्मगुरूंना, दोघांनाही विचारा. जीव वाचवणं यहुदी धर्मात जवळजवळ सर्व नियमांच्या वर मानलं जातं. औषध मात्र परस्पर बंद करू नका.

त्या गृहस्थांचा रक्तदाब तीन महिन्यांनी, तीच गोळी चालू ठेवून, १३४/८४ आला. त्यांची बायको आता दही सकाळी खाते. तुम्ही कोशर पाळत असाल, सूर्यास्तानंतर जेवत नसाल किंवा सोमवार धरत असाल, पुढच्या वेळी तपासायला याल तेव्हा ते आधी सांगा. मी विचारायला विसरलो तरी सांगा.