बाळंतिणीच्या पोटाची घाई कुणाला?

बाळ चार महिन्यांचं होत नाही तोच "पोट कधी उतरवणार गं?" सुरू होतं. विचारणाऱ्या कोण? आपणच की मंडळी... माम्या, मावश्या, आत्या, शेजारणी! सव्वा महिना डिंकाचे नि अळिवाचे लाडू आपणच खाऊ घालायचे आणि मग तिच्या पोटाकडे बघत बसायचं. त्या प्रश्नाला आता नवं उत्तर निघालंय, लायपोसक्शन. म्हणे एका दिवसात काम होतं.

आमच्या जुहूच्या बच्चन कुटुंबाचंच बघा. ऐश्वर्या रायला नोव्हेंबर २०११ मध्ये मुलगी झाली. मे २०१२ मध्ये ती कानच्या चित्रपट महोत्सवाला गेली, तेव्हा लेक जेमतेम सहा महिन्यांची. आणि चर्चा कशाची, तर आईच्या वजनाची! तिला सोडलं नाही, तिथे नोकरी आणि बाळ दोन्ही सांभाळणाऱ्या आपल्या लेकीसुनांची काय कथा?

मी डॉक्टर नाही, साधी मास्तरीण. पण थोडं वाचलं तरी कळतं. लायपोसक्शनमध्ये बारीक नळीने कातडीखालची चरबी ओढून काढतात. बाळंतिणीचं पोट मात्र पुष्कळदा नुसत्या चरबीने सुटलेलं नसतं. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, कातडी ताणली जाते. नळीने स्नायू जुळत नाहीत. उलट चरबी गेली की सैल कातडी जास्तच लोंबू शकते. हा वजन कमी करण्याचा उपायही नव्हे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ लठ्ठ बायकांची ९-१० किलो चरबी अशी काढली होती. तीन महिन्यांनी बघितलं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे!

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, पार्लरमधलं फेशियल नाही. भूल, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, सगळे धोके आले. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर गुठळ्यांचा धोका तसाही वाढलेला असतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. ती बाळंतीणही नव्हती.

"तिचं शरीर, तिचा पैसा, तुम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. अगदी मान्य! पण चार महिन्यांची, रात्र रात्र जागणारी, टोमणे ऐकून रडवेली झालेली मुलगी "हो" म्हणते, तो निर्णय तिचा की आपला?

तिला खरंच करायचं असेल तर जरूर करावं, पण घाईने नको. अंगावरचं दूध सुटून काही महिने होऊ देत. वजन एका जागी स्थिरावू दे. पुढचं मूल हवं की नको ते ठरू दे. मग प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेल्या डॉक्टरांकडे जावं आणि पहिल्यांदा विचारावं, माझ्या पोटात चरबी किती आणि सुटलेले स्नायू किती? स्नायूच सुटले असतील तर आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावा.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या बारशाला गेलात की तिच्या पोटाबद्दल अवाक्षर काढू नका. बाळाला तासभर मांडीवर घ्या आणि तिला झोपायला पाठवा.